एका दांडीची शिडी

आमच्या पिकअपच्या मागच्या बाजूला जी सात फुटांची काठी उभी आहे आणि जिच्या टोकाला लाल फडकं बांधलं आहे, तिला सरकारी कागदात शिडी म्हणतात. ती शिडी नाही. तिच्यावर चढून बघायचा प्रयत्न कुणी करू नये. ती अँटेना आहे. आता अँटेनाची शिडी कशी झाली हे सांगायला बसलो, तर माझ्या स्वभावाप्रमाणे मी मुद्द्यावर जरा सावकाश येईन, तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरलेलं बरं.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, आपल्या हाताने रेडिओ जोडायचा आणि ओळखदेख नसलेल्या, लांबच्या माणसांशी बोलायचं. "ओळखीच्यांशी बोलून झालं का सगळं?" असं बायको विचारते. झालेलं नाही. पण ओळखीची माणसं ऐकत नाहीत, हीच तर अडचण आहे. मी घरात एखादं वाक्य सुरू करतो आणि ते संपेपर्यंत खोलीत मी आणि पंखा एवढेच उरतो. ऑफिसात माझं टेबल आवक-जावकला. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारतोय. इतकी पत्रं हाताखालून गेली, पण त्यात एक माझ्या नावाचं नव्हतं. तेव्हा आपण काहीतरी म्हणावं आणि कुठूनतरी कुणीतरी उत्तर द्यावं, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा मोठी आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला माझा सेट आवाज पाठवत नाही. त्याला येतं ते फक्त मोर्स: तारेच्या कळीसारखी एक कळ, ती दाबून लांब आणि आखूड ठोके पाठवायचे, ठोक्यांची अक्षरं होतात, अक्षरांचे शब्द. हा सेट बैठकीच्या खोलीत ठेवून, पडद्याच्या दांडीला तार गुंडाळून मी अकरा महिने जगाला हाका मारल्या. इतरांची बोलणी मला मस्त ऐकू यायची. माझं कुणाला ऐकू जायचं नाही. कुणाकुणाशी बोलणं झालं ते लिहायची एक नोंदवही असते. चांगल्या कापडी बांधणीची आणली होती. तिच्यात मी पहिल्या पानावर माझं नाव घातलं होतं, पुढे काही नाही.

आमच्या रेडिओ मंडळाचा एक नियम आहे. परवाना मिळाल्यापासून वर्षाच्या आत ज्याला एकही उत्तर मिळालं नाही, त्याला 'श्रोता सभासद' करतात. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत आणि नियमाच्या बाबतीत भूल देऊन काम करण्याची त्यांना सवय नाही. "वाईट वाटून घेऊ नका, श्रोतेही लागतात," असं ते म्हणाले. श्रोता तर मी घरीही आहे. त्यासाठी परीक्षा कशाला द्यायची? माझं वर्ष त्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संपत होतं, आणि त्या रविवारी सकाळी दहाला मंडळाची हवेतली हजेरी होती. एकेकाने परवान्याबरोबर मिळालेलं आपलं संकेतनाव पाठवायचं, डॉक्टरांनी पोच द्यायची. ती पोच मिळाली की झालं.

अँटेना उघड्यावर हवी, हे उघड होतं. मी इमारतीच्या सचिवांकडे गच्ची मागायला गेलो. यांना सगळे अनुभवकाका म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' इथून निघतं.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले. "गच्चीवर काठी लावली की तिच्यावर कावळे बसतात. कावळे बसले की पाण्याची टाकी घाण होते. टाकी घाण झाली की बोल कुणाला लागतो?"

"कावळ्यांना?"

"सचिवाला," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

गच्ची गेली, मग पिकअप राहिली. पिकअप बायकोची. तिची रोपवाटिका आहे आणि कुंड्या, मातीची पोती, झाडं सगळं ती त्याच गाडीतून पोचवते. मी दोन दिवस चहा करून दिला, तिसऱ्या दिवशी विषय काढला. तिने चहाचा घोट घेत ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या. गाडीला भोक पाडायचं नाही. आणि बॅटरी नवीन आहे, तिला हात लावायचा नाही.

"मग वीज कुठून घेऊ?"

"ते तुमच्या परीक्षेत असेल ना," ती म्हणाली.

भोक नको तर लोहचुंबक. तळाला चुंबक असलेली अँटेना मिळते, टपावर ठेवली की घट्ट बसते, असं पुस्तकात होतं. मी ती आणली, ठेवली, आणि ती आडवी झाली. पुन्हा ठेवली. पुन्हा आडवी. चुंबकात दोष आहे म्हणून मी तो परत करायला निघालो, तेव्हा बायको कुंड्यांना पाणी घालता घालता म्हणाली, "टपाला तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. गेल्या वर्षी तुम्ही वरती शिडी ठेवून फाटकाच्या कमानीखालून गाडी काढली होती ना, तेव्हा भरलीय." पुट्टीला चुंबक धरत नाही, हे विज्ञान मला माहीत होतं. बाकीचा तपशील त्या वेळी काढायची गरज नव्हती.

शेवटी हौद्याच्या कडेच्या लोखंडी पाइपाला पकड लावून अँटेना उभी केली. पकडीखाली कोरं लोखंड लागतं, रंग चालत नाही, म्हणून थोडा रंग खरवडला. तिथे रोपवाटिकेच्या रंगवलेल्या पाटीतला गुलाब होता हे मला खरवडताना दिसलं, पण तोवर पाकळ्या गेल्या होत्या. "भोक नाही पाडलं," मी आधीच सांगून टाकलं. बायकोने उरलेल्या देठाकडे बराच वेळ पाहिलं आणि ती आत गेली. तिच्या गप्प बसण्याला मी फार घाबरतो, म्हणून रात्रीची भांडी मी घासली.

दुसऱ्या दिवशी अनुभवकाकांनी काठी पाहिली. "माझा अनुभव सांगतो, गाडीला टाचणी जरी जास्तीची लावली तरी वाहन कार्यालयाचा कागद लागतो. वाटेत अडवलं तर गाडी आत जाईल." गाडी आत गेली असती तर मीही घराबाहेर गेलो असतो, म्हणून रजा टाकून वाहन कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणानंतर यायला सांगितलं, आणि जेवणानंतर तिथे तिसरीच बाई बसली होती. बाई मनाने चांगली होती. तिच्यापुढचा फॉर्म तसा नव्हता.

"जादा वस्तू कोणती?" तिने विचारलं.

"अँटेना."

"अँटेना यात नाही. ताडपत्री आहे, भोंगा आहे, दिवे आहेत, शिडी आहे."

"आणि 'इतर'?"

"'इतर'ला मोठ्या साहेबांची सही लागते. साहेब प्रशिक्षणाला गेलेत. पुढच्या महिन्यात येतील." माझा चेहरा पाहून तिला दया आली असावी. तिने पेन हातात घेतलं. "उभी असते ना?"

"उभीच."

"लोखंडी?"

"लोखंडी."

"मग शिडीच की."

"बाई, तिला एकच दांडी आहे."

"पायऱ्या किती ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही," बाई म्हणाली आणि तिने शिक्का मारला. एकवीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, मारलेल्या शिक्क्याशी वाद घालू नये. मी पावती घेऊन निघालो तेव्हा तिने हाक मारून सांगितलं, की गाडीबाहेर डोकावणाऱ्या शिडीला लाल फडकं बांधणं बंधनकारक आहे. मी बांधलं. शेजारची मंडळी विचारू लागली, की रस्त्याचं काम मी घेतलंय का.

आता उरली वीज. गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आला, त्याने दोन्ही अटी ऐकल्या, डोकं खाजवलं आणि बॉनेटमध्ये गेला. आतून त्याचा आवाज येत होता. "साहेब, बॅटरीला हात नाही लावायचा ना? नको लावू. ही बघा हॉर्नची वायर आयती इथवर आलीय. तिच्यात जोडून देतो."

"चालेल ना?"

"वीज ती वीज, साहेब. तिला काय कळतंय कुठे चाललीय ते."

परीक्षेत मी जे शिकलो होतो ते या वाक्यावर आतून कुरकुरत होतं. पण माणूस बॉनेटमध्ये डोकं घालून बोलत असला की त्याच्या बोलण्याला वजन येतं. सेट चालू झाला, दिवा लागला, हेडफोन कानाला लावल्यावर लांबची टिकटिक ऐकू आली. कळ दाबून बघायचं मात्र राहिलं, कारण इलेक्ट्रिशियनला पुढचं काम होतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो.

रविवार उजाडला. मी टेकडीवर जायचं ठरवलं होतं, पण सकाळी पाहतो तर हौदा कुंड्यांनी भरलेला. एका नव्या दवाखान्याच्या व्हरांड्यासाठी साठ कुंड्या दुपारी बारा वाजता पोचवायच्या होत्या. "गाडी आवारातून हलवायची नाही," बायको म्हणाली. "एक खड्डा लागला तर निम्म्या फुटतील. बारापर्यंत आत बसून काय करायचं ते करा."  उघड्या आभाळाखाली अँटेना, चार्ज असलेली बॅटरी, आणि समोर दोन तास. माणसाला आणखी काय हवं?

पावणेदहाला मी पिकअपमध्ये बसलो. काचा वर केल्या, म्हणजे बाहेरचा आवाज नको. मोठे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन चढवले आणि त्यांचा आवाज शेवटपर्यंत वाढवला. कळ मांडीवर घेतली. ठीक दहाला डॉक्टरांची टिकटिक आली आणि हजेरी सुरू झाली. एकेक जण उत्तर देत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, आणखी कोणी? मी श्वास रोखला आणि माझं पाच अक्षरांचं संकेतनाव पाठवलं. सावकाश, नीट, एकेक ठोका जपून. उत्तर नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आणखी कोणी? मी पुन्हा पाठवलं. मग हात चालला म्हणून तीनदा पाठवलं.

तेवढ्यात अनुभवकाका गाडीसमोर आले. त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. मला वाटलं विचारताहेत, ऐकू येतंय का? मी अंगठा दाखवून 'मस्त' अशी खूण केली. त्यांच्या मागून तळमजल्यावरचे दोघं आले, मग दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब, मग शेजारच्या इमारतीतले लोक. एक जण दाढीला साबण लावलेला, तसाच. सगळे तोंडं हलवत होते, हात करत होते. मला अगदी भरून आलं. इतके दिवस कुणी विचारत नव्हतं, आणि आज माझी हजेरी बघायला अख्खी आळी आली होती. मी हात जोडून नमस्कार केला आणि त्यांना दाखवण्यासाठी आणखी जोरात, लांब लांब ठोके देत कळ दाबली.

दार उघडलं ते बायकोने. तिने माझ्या कानावरचा हेडफोन उचलला आणि त्याच क्षणी माझं बोट कळीवर होतं. पिकअपचा हॉर्न एवढ्या मोठ्याने वाजला की मी सीटवरून उडालो. मी बोट काढलं. हॉर्न थांबला. खात्री करायला पुन्हा हळूच दाबलं. पुन्हा वाजला.

"वीस मिनिटं," बायको म्हणाली. "वीस मिनिटं बोंबलतोय तो."

मग मला सगळं कळलं. कळ दाबली की सेट जास्त वीज ओढायचा, ती हॉर्नच्या रिलेतून, म्हणजे हॉर्न चालू करणाऱ्या स्विचमधून यायची, आणि रिलेला वाटायचं आपल्याला वाजवायला सांगितलंय. सेटच्या वाट्याची वीज हॉर्न खाऊन टाकत होता. डॉक्टरांपर्यंत काही पोचलंच नव्हतं. हेडफोनमधून त्यांची शेवटची टिकटिक बारीक ऐकू येत होती. हजेरी संपली, सगळ्यांना धन्यवाद.

मी खाली उतरलो. लोक बोलायला लागले. कुणाला वाटलं होतं आग लागली, कुणाला वाटलं मी गाडीत अडकलोय. "अडकलेला माणूस अंगठा दाखवतो का?" असं दाढीवाले म्हणाले. अनुभवकाकांनी खिशातून वही काढली आणि समितीची तातडीची बैठक केव्हा घ्यावी ते विचारायला लागले. मी मान खाली घालून उभा होतो. हसणं मी सोसलं असतं. पण अकरा महिने, परीक्षा, गुलाब, शिडी, आणि शेवटी मी जगाला मारलेली हाक फक्त आमच्या आवारात ऐकू गेली होती, हे फार लागलं. बायकोच्या ते लक्षात आलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत ती असं करत नाही.

आणि वरून आवाज आला. टक. टक. खर्रर्र. टक.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत एक आजी उभ्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी त्या मुलाकडे राहायला आल्या. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळे त्यांच्या कानाशी ओरडायचे, आणि त्या कंटाळून कुणाशी बोलेनाशा झाल्या होत्या. आम्ही त्यांना जिन्यात हात करायचो, तेवढंच. त्यांच्या हातात स्टीलची पळी होती. ती त्या बाल्कनीच्या गजांवर एकदा आपटत होत्या, एकदा सगळ्या गजांवरून ओढत होत्या.

"आता यांनीही सुरू केलं," अनुभवकाका म्हणाले.

"थांबा," मी म्हणालो. एवढ्या मोठ्याने मी त्या आवारात पहिल्यांदाच बोललो असेन. आपटलं की आखूड. ओढलं की लांब. मी कुंडीतली रोपाच्या नावाची चिठ्ठी उपसली आणि तिच्या मागे अक्षरं उतरवू लागलो. पहिलं अक्षर माझं. दुसरंही माझं. पाचही अक्षरं माझी होती. माझं संकेतनाव, चूक न करता, वरून खाली येत होतं.

मग पुढचं आलं.  पळी थांबली तेव्हा अनुभवकाकांनीच विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी चिठ्ठी वाचली. "म्हणाल्या, उत्तराला उशीर झाला. पळी सापडत नव्हती."

त्यांचा मुलगा गर्दीत होता. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "आई तारेत होती," तो म्हणाला. "एकतीस वर्षं. तारघर बंद झालं तेव्हा ती रडली होती. आमच्यातल्या कुणालाच ते येत नाही हो." मग तो म्हणाला, "तिने आपणहून कुणाला काही सांगून वर्ष झालं असेल."

मी बायकोकडे बघितलं. हॉर्न तिचा, गाडी तिची. "द्या ना उत्तर," ती म्हणाली. "त्या थांबल्यात."

मी गाडीत बसलो, या वेळी काच खाली करून, हेडफोन बाजूला ठेवून. हॉर्नवर पाठवलं: नमस्कार आजी, ऐकू येतंय? पळी लगेच चालायला लागली. मी एकेक शब्द मोठ्याने वाचत होतो आणि पन्नास माणसं ऐकत होती. आजी म्हणाल्या: छान ऐकू येतंय. कित्येक वर्षांनी कुणीतरी मोठ्याने आणि कळेल असं बोललं. मग म्हणाल्या: तुमचा लांब ठोका तोकडा पडतो, घाई करू नका. मी लांब ठोका लांब केला. शेजारच्या इमारतीतून कुणीतरी टाळी वाजवली. आजींनी एक निरोप सचिवांसाठी दिला, की पाण्याची टाकी रोज पहाटे वाहते आणि ती कावळे वाहवत नाहीत. तो मी शब्दाला शब्द वाचला. अनुभवकाकांनी वही उलटी करून तिच्यात लिहून घेतला.

साडेअकरा वाजले. बायको बॉनेट उघडून उभी होती. रोपवाटिकेचा पंप तीच दुरुस्त करते, वायरीचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. "अहो," ती हळूच म्हणाली, "वायर काढून सरळ बॅटरीला लावते. दहा मिनिटांचं काम आहे. डॉक्टर अजून सेटवर असतील. तुमचं वर्ष आज संपतंय."

"बॅटरीला हात लावायचा नव्हता ना?"

"मी लावला तर चालतो."

मी वर बघितलं. आजींनी नुकतंच विचारलं होतं, की मला हे कुणी शिकवलं. त्या पळी हातात धरून, गजांना टेकून, उत्तराची वाट बघत होत्या. वायर काढली असती तर हॉर्न गेला असता, आणि आजींना वाटलं असतं, गेला हाही. मला उत्तर न येण्याचा अकरा महिन्यांचा अनुभव आहे. तो मी कुणाला देणार नाही.

"राहू दे," मी म्हणालो.

 बायकोने बॉनेट अलगद लावलं, दवाखान्याला फोन करून कुंड्या दोन वाजता येतील असं सांगितलं, आणि माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी श्रोता सभासद झालो. डॉक्टरांचं पत्र त्या आठवड्यात ऑफिसच्या पत्त्यावर आलं, आणि ते माझ्या नावाचं होतं हे मला शिक्का मारून झाल्यावर लक्षात आलं. पण ते नंतरचं. त्या रविवारी आम्ही एक वाजेपर्यंत बोलत होतो. आजींनी तारघरातला पहिला दिवस सांगितला, मी परीक्षा सांगितली, बायकोने माझ्याकरवी गुलाबाची तक्रार पाठवली, आणि आजी इतक्या हसल्या की पळी हातातून खाली पडली. ती मुलाने धावत वर नेऊन दिली.

निघायची वेळ झाली तेव्हा आजींनी एकच प्रश्न पाठवला: उद्या किती वाजता?

मी बायकोकडे बघितलं. ती कुंड्या मोजत होती, तिने वर न बघता सांगितलं, "साडेसात. नऊला गाडी लागते मला."

मी हॉर्नवर साडेसात पाठवलं, लांब ठोके पुरेसे लांब देऊन. अनुभवकाका शेजारीच उभे होते. त्यांनी हरकत घेतली नाही. माझा अनुभव सांगतो असंही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की रविवारी आठ चालेल का, म्हणजे त्यांनाही खाली येता येईल.